लांडगे वगळून

रविवारच्या दुपारी, गोष्ट ऐन रंगात आलेली असताना, पाणचक्कीवाला म्हातारा बोलायचा एकदम थांबला. हा म्हातारा दीपमालाच्या लॅपटॉपवरच्या गेममधला. पांढऱ्या दाढीचा, एका डोळ्यानं अधू. मघापासून पाव तास तो तिला सांगत होता, की त्याच्या लेकीसोबत सात अनोळखी माणसं बर्फाचा घाट चढून गेली आणि पलीकडच्या गावात उतरली ती सहाच. सातवं कोण राहिलं, का राहिलं, हे तो सांगायच्या बेतात आला, त्यानं ओठ पुसले, आणि पडद्यावर पिवळी अक्षरं उमटली. पुढचं ऐकायचं असेल तर बाराव्या लेव्हलला पोचून ये, येताना लांडग्यांची चाळीस कातडी घेऊन ये. दीपमाला सातव्या लेव्हलला होती. तिच्याजवळ कातडी होती तीन, तीही दोन रविवार घालवून मिळालेली. तिनं माउसवरचा हात उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. कोर्टात साहेब वाक्याच्या मधेच थांबले की तिची पेन्सिल अशीच अधांतरी राहायची. तेवढ्यात तिच्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "मग?"

ती वळली. भिंतीकडच्या कॉटवर आबा उताणे पडलेले होते, छातीपर्यंत काळी घोंगडी, डोळे मिटलेले. शहरातल्या बार्शी नाक्याच्या अलीकडच्या या दोन खोल्यांत ते आल्याला अकरा दिवस झाले होते आणि अकरा दिवसांत त्यांच्या तोंडून चहा, व्हय, न्हाय, पंखा बंद कर, यापलीकडं फारसं काही निघालं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात ओढ्याच्या दगडावरून घसरून खुबा मोडला, त्यात डॉक्टरांनी नवी वाटी बसवली, तरी चालणं सुधारेना, आणि येरमाळ्याजवळच्या वस्तीवर जिना नाही, इथं वीस पायऱ्या आहेत, त्या रोज चढ-उतर करायच्या म्हणून भाऊ गोरोबानं त्यांना तिच्याकडं आणून सोडलं. सगळा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला माणूस वीस पायऱ्या चढायचा, वीस उतरायचा आणि भिंतीकडं तोंड करून पडायचा. दीपमाला सकाळी कोर्टात जायची, संध्याकाळी यायची, भाकरी करायची. दोघं जेवायची. रस्त्यावरच्या एसटीचा हॉर्न तेवढा मधे बोलायचा. आपल्याला वडलांशी काय बोलायचं ते माहीत नाही, हे तिला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी समजलं होतं, आणि समजून त्याचं काय करायचं ते समजलं नव्हतं.

"झोपला न्हाईत तुम्ही?"

"सात गेले. सहा आले. मग?"

"तुम्हाला काय माहीत?"

"तूच सांगायलीस की. अकरा दिस झालं ऐकायलाव."

मग तिच्या ध्यानात आलं. एकोणीस वर्षं ती जिल्हा न्यायालयात लघुलेखक होती. साहेब बोलायचे, ती लिहायची, आणि साहेबांचं इंग्रजी मराठीत करायचं असलं की ओठांतल्या ओठांत ते पुटपुटून बघायची. ती सवय घरापर्यंत आली होती. गेममधली माणसं इंग्रजीत बोलायची आणि ती एकटीच, स्वतःला न कळत, त्यांचं मराठी करत बसायची. आपल्या खोलीत गेली कित्येक वर्षं एक बाई पुटपुटत बसलेली असते, हे कुणी सांगायला नव्हतंच. लग्न राहून गेलं होतं, त्याचं दुःख तिनं फारसं केलं नव्हतं. पण आपला आवाज कुणीतरी अकरा दिवस डोळे मिटून ऐकत होतं, या विचारानं तिचे कान गरम झाले.

"तो पुढचं सांगत न्हाई आता," ती म्हणाली. "चाळीस लांडगे मारून आण म्हणतोय."

आबांनी डोळे उघडले.

"कशापायी?"

"अट हाय तशी गेमची."

"एका रानात चाळीस लांडगं कुठं असतेत व्हय? म्या उभ्या जन्मात नऊ बघितले. एक बी मारला न्हाय. लांडगा दिसला की आरडायचं, कुत्री सोडायची, मेंढरांभोवतीची जाळी आवळून घ्यायची. उजाडलं की आपली वाट धरायची. त्या म्हाताऱ्याला कातड्याचं काय करायचंय?"

"काहीच न्हाई. आपल्याला नुसतं कामाला लावायचं."

"मग त्याला सांगता येत न्हाय," आबा म्हणाले. "सांगता येणारा अट घालत न्हाय." आणि थोड्या वेळानं, कुशीवर वळताना, "नळदुर्गाकडं लांडगं हायेत का गं?"

"न्हाईत म्हणतेत," ती म्हणाली आणि पडद्याकडं वळली.

नळदुर्ग हा शब्द निघाला की ती अशीच पाठ फिरवायची. आबा दवाखान्यातून आल्यावर तीन आठवड्यांनी गोरोबानं मेंढरं विकली होती. त्याला सोयाबीन बघायचं, बायको अंगणवाडीत, मेंढरांमागं फिरायला माणूस नाही. जवळच्या दोन आठवडी बाजारांत चार-चार, पाच-पाच करून सगळा कळप दोन दिवसांत गेला, बराचसा खाटकांकडं. आबांना कसं सांगायचं म्हणून गोरोबानं तिला फोन केला, आणि गोष्ट तिनंच जुळवली. नळदुर्गाकडचा एक धनगर आहे, चांगला माणूस, त्यानं अख्खा कळप घेतला, कोकरांसकट, एकही मेंढी बाजूला काढली नाही, तिकडं पाण्याची सोय चांगली आहे. एकोणीस वर्षांत तिनं दुसऱ्याच्या तोंडच्या वाक्यातला एक काना इकडचा तिकडं केला नव्हता. साक्षीदार चुकीचं बोलला तर चुकीचं लिहायचं, हा तिचा धर्म होता. आणि स्वतःच्या बापाच्या बाबतीत तिनं एवढं मोठं रचून सांगितलं, वर त्याला हिरवळ लावली, तळं लावलं. आबा तेव्हा नुसते "बरं" म्हणाले होते. त्या 'बरं'चा अर्थ ती आठ महिन्यांत लावू शकली नव्हती.

सोमवारी डबा खाताना तिनं मोनिकाला गाठलं. मोनिका कोर्टाच्या संगणक विभागात होती, दीपमालापेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि कोर्ट बंद असलेल्या त्या लॉकडाउनच्या दिवसांत दीपमालाला गेमची गोडी लावली ती तिनंच. "मला गोष्ट पाहिजे," दीपमाला म्हणाली. "गोष्ट, आणि तिला शेवट. तलवार नको, लेव्हल नको, तीस अळंब्या गोळा करून आण म्हणणारं कोणी नको. मी दिवसभर इथं काय करते? वादीची सरतपासणी लिहिते. उलटतपास लिहायच्या आधी तारीख पडते. पुढच्या तारखेला मी रजेवर असते, नाहीतर केस दुसऱ्या कोर्टात जाते. बांधावरचं ते झाड कुणी तोडलं, हे मला पाच वर्षं झाली, अजून माहीत नाही. घरी आल्यावर तरी मला कुणी तारीख देऊ नये." मोनिका हसत सुटली, तिला ठसका लागला. ठसका ओसरल्यावर म्हणाली, "तुम्ही चुकीच्या फडताळात हात घालता, ताई. ज्या गेमवर भूमिका, कौशल्य, हत्यारं असलं लिहिलेलं असतं तिकडं बघूच नका. चालायचं, बोलायचं, निवडायचं, एवढंच असलेले गेमही असतात. पण शोधावे लागतात. सगळेच स्वतःला गोष्टीचे गेम म्हणवतात."

ते खरंच होतं. पुढच्या दोन आठवड्यांत, कोर्टातून आल्यावर, भाकरी तव्यावर टाकायच्या आधी, दोघांनी मिळून शोध घेतला. दोघांनी, कारण आबा आता कॉटवरून उठून, काठी टेकत, तिच्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसायला लागले होते. फिजिओथेरपीवाल्या बाई सांगून थकल्या होत्या की ताठ बसा. ते आता आपोआप ताठ बसत होते. एका गेममध्ये एक मुलगी शहर सोडून आजोबांच्या शेतात राहायला येते. सुरुवात छान होती, पण पत्र वाचून होताच तिच्या हातात झारी आली आणि सलगमाच्या वाफ्यांना पाणी घालायचं काम निघालं, रोजचं, न संपणारं. आबांनी दहा मिनिटं बघितलं. "हे तर गोरोबा करतोच की," ते म्हणाले, "त्याला काय बघायचं." दुसऱ्यात खून होता, वाडी होती, संशयित माणसं होती, पण प्रत्येक दार उघडायला लाकडाचे ठोकळे सरकवून चित्र जुळवावं लागायचं. आबांचं मत पडलं की त्या गावात कुणी सरळ कडी लावतच नाही, म्हणून खून होतात. तिसऱ्यात बोलणं भरपूर होतं, पण बोलायलाही गुण लागायचे; गुण कमी असले की समोरचा माणूस तोंड फिरवायचा. "हापिसातला दिसतोय," आबा म्हणाले. दीपमाला इतकी हसली की चुलीवरचं, म्हणजे गॅसवरचं, दूध उतू गेलं. जळक्या दुधाचा वास दोन दिवस खोलीत होता, आणि दोन्ही दिवस तो वास आला की तिला पुन्हा हसू यायचं. कोर्टात साहेब निकाल सांगत असताना एकदा आलं. तिनं ते खोकल्यात घातलं.

टपालाच्या बोटीचा गेम मोनिकानंच शेवटी शोधून दिला. उत्तरेच्या थंड समुद्रात एक लांबट बेट. पाणी वर यायला लागलंय, म्हणून सरकारनं बेट रिकामं करायचं ठरवलंय, आणि एक टपालवाली बाई छोट्या बोटीतून शेवटचं टपाल वाटत किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरते. पत्र द्यायचं, माणूस बोलेल ते ऐकायचं, दोन-तीन उत्तरांतलं एक निवडायचं, पुढं जायचं. एवढंच. मारामारी नाही, गोळा करायचं काही नाही. बोट चालवताना समुद्राचा आवाज यायचा आणि आबा तेव्हा मान पुढं काढून बसायचे. त्यांनी समुद्र बघितला नव्हता. तो सगळीकडं खारट असतो का, मधे कुठं गोडं पाणी लागत असंल का, मग तिथली मेंढरं काय पितात, असे त्यांचे प्रश्न. परकी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी माणसांना आपली नावं ठेवली. टपालवाली झाली अयोध्या, कारण त्यांची बहीण अयोध्या अशीच गावोगाव फिरून सगळ्यांच्या बातम्या पोचवायची. दीपगृहाचा मिशाळ राखणदार बंडप्पा झाला. मुरुमच्या बाजारात लोकर घ्यायला एक बंडप्पा यायचा, मिशी अशीच. आणि बेटाच्या टोकाला एकटीच राहणारी, कुणाच्या बापाचं न ऐकणारी, करड्या कुत्र्याशी दिवसभर भांडणारी म्हातारी, तिला त्यांनी बराच वेळ नाव दिलं नाही. मग म्हणाले, "ही दगडाबाई." दीपमालाच्या आईचं नाव. आईला जाऊन सात वर्षं झाली होती. दीपमालानं पडद्यावरच्या म्हातारीकडं बघितलं. कमरेवर हात ठेवून उभी राहायची तऱ्हा खरंच तशी होती.

ती आता पुटपुटत नव्हती, सांगत होती. फरक तिला तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाणवला. पुटपुटणं शब्दाला शब्द असायचं. सांगताना मधे थांबावं लागे, आबांच्या तोंडाकडं बघावं लागे, परदेशातली एखादी गोष्ट त्यांना कळेल अशी फिरवून मांडावी लागे. तिच्या बोलण्यात वस्तीवरची बोली परत येऊ लागली, जी तिनं लातूरच्या टायपिंग क्लासात पहिल्या महिन्यातच घासून टाकली होती. आणि निवड आली की ती आबांना विचारायची, आबा सांगायचे, ती बटण दाबायची. बंडप्पानं बायकोचं पत्र फाडावं की वाचावं? आबा म्हणाले, वाचावं, मग फाडायला हरकत न्हाय. एका पोराला बेट सोडताना आपली होडी न्यायची असते, आई म्हणते ठेव. आबांनी त्यावर जेवणभर विचार केला आणि हात धुता धुता निकाल दिला. अयोध्येनं प्रत्येक वेळी त्यांचं ऐकलं. म्हातारी दगडाबाई मात्र कुणाचंच ऐकेना. तिच्या लेकाची तीन पत्रं आली, मी न्यायला येतो म्हणून. तिन्ही तिनं कुत्र्याला वाचून दाखवली आणि चुलीत घातली. आबा या जागी खूश व्हायचे. "जाणार न्हाय ती," म्हणायचे. "बघ तू."

शेवटच्या फेरीचा दिवस पडला तो शनिवारी, दुसरा शनिवार, कोर्टाला सुट्टी. सकाळचं ऊन खोलीत लॅपटॉपपर्यंत आलेलं, पडदा नीट दिसावा म्हणून तिनं खिडकीला चादर लावली. अयोध्येची बोट टोकाच्या किनाऱ्याला लागली. आवाज नव्हता, एरवी इथं कुत्रं भुंकायचं. ती चढण चढून गेली. कुत्रं दारात बसलेलं, घराकडं पाठ करून. दार उघडं. आत खुर्चीत म्हातारी, मांडीवर विणकाम, चूल विझलेली. खाली इंग्रजीत तीन ओळी आल्या. दीपमालानं त्या एका नजरेत वाचल्या आणि आबांकडं बघितलं. आबा पुढं झुकले होते. त्यांच्या हाताची बोटं काठीच्या मुठीवर एकावर एक ठेवलेली, नखं स्वच्छ, कालच तिनं कापलेली.

"झोपलीय," दीपमाला म्हणाली. "थकून झोपलीय ती. अयोध्या तिला उठवते. मग... तिचा लेक दुसऱ्या बोटीनं आलेला हाय, तो तिला घेऊन जातो. कुत्र्यालाबी."

पडद्यावर अयोध्या म्हातारीच्या अंगावर चादर ओढत होती. तोंडावरून ओढत होती. दीपमालानं पटकन बटण दाबलं, पुढचं दृश्य यावं म्हणून, पण गेम असा सावकाश होता की या जागी घाई करता येत नव्हती. वाऱ्याचा आवाज चालू राहिला. आबांनी काठीचं टोक उचललं आणि पडद्यावरच्या कुत्र्याकडं दाखवलं.

"ते बघ कसं बसलंय."

"कसं?"

"घरात माणूस जितं असल्यावर कुत्रं तोंड घराकडं करतंय, माणूस कवा उठतंय ते बघत. पाठ करून बसलंय म्हंजी ते आता राखायलंय. आतल्याला न्हाय बघायलं, येणाऱ्याला बघायलंय." ते तिच्याकडं वळले. चेहरा शांत होता, किंचित मिस्कील. "ज्यानं काढलंय त्यानं कुत्रं नीट बघितल्यालं हाय. तू न्हाय नीट सांगितलंस."

शाळेत दुसऱ्याची पाटी बघताना पकडलं गेल्यासारखं तिचं अंग आखडलं.

"काय लिहिलंय तिथं? जसं हाय तसं सांग."

तिनं सांगितलं. लिहिलं होतं की चूल सकाळीच विझली असावी. हात अजून सुयांवर होते. आणि अयोध्येला वाटलं की आपण आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या घरी वेळेवर आलो नाही. दीपमालानं हे बोलीत फिरवलं नाही, शब्दाला शब्द ठेवून सांगितलं, साहेबांना वाचून दाखवावं तसं. आबांनी मान हलवली, दोनदा.

"बेस," ते म्हणाले. "जाणार न्हाय म्हनलो व्हतो. गेली न्हाय." आणि मग, तेवढ्याच सहज सुरात, "आपली मेंढरंबी अशीच गेली का गं नळदुर्गला?"

खिडकीची चादर वाऱ्यानं फुगली आणि पुन्हा बसली. खालून भंगारवाल्याची हाळी येत होती. दीपमालाच्या मनात त्या क्षणी तळं, हिरवळ, चांगला धनगर, सगळं एकदम आलं आणि एकेक करून निघून गेलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"तुमी सांगितलं त्याच दिशी. अगं, अख्खा कळप घेणारा माणूस मला न विचारता घेईल व्हय? एक फोन तरी करील का न्हाय? कोणची मेंढी दुधाची हाय, कोणची पान्हा चोरती, कोणचीला पायात खोड हाय. बासष्ट मेंढरं घेतली अन् एक बी इचारलं न्हाय. असला धनगर असतो व्हय?"

"मग गप का बसलात आठ महिने?"

आबांनी खांदे उडवले. "तू अन् गोऱ्या, दोघंबी लई मन लावून सांगत व्हता. मोडावं वाटंना. अन् गोष्ट चांगली केली व्हती तू. ते तळं तर लईच आवडलं मला."

"आबा, बरीचशी खाटकाकडं गेली."

"मग कुटं जातेत?" ते खरोखरच चकित होऊन म्हणाले. "म्या जन्मभर कुणाला इकली? पूजा करायला कोण नेतंय? माझं मन त्याच्यात न्हाय अडकलं, दीपे. मला नुसतं वाटायचं, कुणीतरी इचारायला पायजे व्हतं. मला त्या बासष्टच्या बासष्ट मेंढरांची माहिती तोंडपाठ, अन् ती कुणाला लागलीच न्हाय."

"मला सांगा," ती म्हणाली.

त्यांनी सांगितली. त्या शनिवारी समुद्र, बोट, बंडप्पा सगळे पडद्यावर थांबून राहिले आणि आबा दुपारचं जेवण होऊन तिसऱ्या प्रहरापर्यंत एकेका मेंढीबद्दल बोलत होते. कान कापलेली, कुणाच्याही कोकराला पाजणारी. हौसा नावाची, जी रेडिओ लावला की उठून उभी राहायची. एक काळी, तिला पावसाआधी तासभर शिंका यायच्या. एकोणतिसाव्या का तिसाव्या मेंढीला दीपमालाच्या लक्षात आलं की आपण लिहून घेत नाही आहोत. हात मांडीवर रिकामे होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते हसण्याचं, कारण त्या वेळी हौसेनं एका तलाठ्याची टोपी खाल्ली होती. संध्याकाळी आबा काठी न घेता दारापर्यंत गेले, आणि परत येऊन काठी विसरलो होतो म्हणाले.

टपालाच्या बोटीची गोष्ट दुसऱ्या दिवशी संपली. नीट, पुरी संपली, सगळ्या माणसांचं काय झालं ते सांगून. नावांची यादी वर सरकत गेली तेव्हा आबा म्हणाले की हे करणारे बरेच जण दिसतात, आणि सगळ्यांची नावं वाचून दाखव. तिनं दाखवली. कुत्रं काढणाऱ्याचं नाव आलं तेव्हा त्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं.

चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेसाठी गोरोबा जीप घेऊन आबांना न्यायला आला. पायऱ्या ते स्वतः उतरले, एक हात कठड्याला. ते जाताना तिला वाटलं होतं की खोली फार रिकामी वाटेल. वाटली, पण दीड दिवसच. मोनिकानं नवा गेम शोधून दिला होता, डोंगरातल्या एका लहान शहराच्या टेलिफोन एक्सचेंजमधला. तारा जोडणारी एक मुलगी, आणि तिच्या कानावर पडणारी सगळ्या गावाची बोलणी. दीपमालानं तो उघडला, पहिली पंधरा मिनिटं बघितली आणि बंद केला. एकटीनं पुढं जायला तिला बरं वाटेना. रविवारी दुपारी फोन वाजला.

"काय चाललंय?" आबांचा आवाज. मागं भांड्यांचा, माणसांचा गलका.

"काही न्हाई. गेम पुढं नेला न्हाई तुमच्याशिवाय."

"आता उघड की. फोनवर सांग. स्पीकर लावलाय गोऱ्यानं. अयोध्या आत्याबी आलीय जत्रंला, शेजारचा रामहरी हाय, त्याची मंडळी हाय. म्या त्यांना बोटीचं सगळं सांगितलंय. अयोध्या म्हणती, त्या बोटीवर म्या असते तर म्हातारीला मुसक्या बांधून नेली असती."

मागून आत्याचं काहीतरी ऐकू आलं, आणि हशा. दीपमालानं फोन लॅपटॉपला टेकवून उभा केला, पेरूच्या फोडींची ताटली जवळ ओढली आणि सुरुवात केली. ती सांगू लागली तशी पलीकडची भांडी थांबली. तारा जोडणारी मुलगी, तिचा पहिला दिवस, डॉक्टर आणि पेढीवाला यांची चोरून चाललेली पत्त्यांच्या डावाची बोलणी. रामहरी मधे मधे दाद देत होता. तासाभरानं गोष्ट अडचणीच्या जागी आली. शहराच्या वरच्या आळीत एक आई, तिचा थोरला लेक परमुलखात. लेकाचा फोन येतो. मी आता परत येणार नाही हे सांगायला. आणि त्याच्या आधी धाकटी बहीण एक्सचेंजमध्ये येऊन त्या मुलीच्या पाया पडून गेलेली, की दादाचा फोन आला तर लाईन खराब आहे म्हणून सांग, आईला सोसायचं नाही. आता तार जोडायची, की लाईन खराब म्हणायचं?

पलीकडं भांडण जुंपलं. रामहरी म्हणाला, जोडू नये, म्हातारी बसल्या जागी जाईल. गोरोबा म्हणाला, दोन दिवस थांबावं, मग बघावं. आत्याचं म्हणणं, त्या धाकटीलाच आधी दोन लावाव्यात, घरातलं बाहेर बोलली म्हणून, आणि लाईन मुळीच जोडू नये. दीपमाला पेरू खात ऐकत होती. सवयीनं ती वाट बघत होती, आबांचा निकाल कधी येतो, म्हणजे बटण दाबता येईल.

"दीपे," आबा म्हणाले. "तुला काय वाटतंय?"

"मला?"

"व्हय. तूच वाचायलीस, तुलाच सगळं दिसायलंय. तू सांग."

तिनं ताटली बाजूला ठेवली. एकोणीस वर्षं ती रोज न्यायालयात बसत आली होती, साहेबांच्या डाव्या हाताला, सगळ्यांचं म्हणणं लिहून घेत; आणि हा प्रश्न तिला तिथं कुणी विचारला नव्हता, विचारायची पद्धतही नव्हती. पलीकडं सगळे थांबलेले तिला ऐकू येत होते. कोणीतरी खाकरलं.

"जोडावी," ती म्हणाली. "लाईन लागली तर आई त्याला काहीतरी विचारील. कसा हायेस, काय खातोस, कुठं राहतोस. न्हाई लागली तर तिला विचारताच येणार न्हाई."

मग आत्या स्पीकरच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "चुकतीया पोरगी."

"चुकंना का," दीपमाला म्हणाली. "माझं मत तेच हाय, आत्या."

"आगं पर ती म्हातारी..."

"तिचं तिला सोसू दे की. तू काय तिच्या वतीनं मरायलीस?"

आबा हसले. मोठ्यानं, खोकला येईपर्यंत. रामहरी अजून नाही नाही म्हणत होता, गोरोबा त्याला गप बस म्हणत होता, आणि दीपमालानं खुर्ची पुढं ओढली, तार उचलली, भोकात बसवली. पडद्यावर वरच्या आळीतला फोन वाजायला लागला. तीनदा वाजला. आई आली, तिनं ओले हात पदराला पुसले, रिसीव्हर उचलून कानाला लावला, आणि दीपमाला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागली.